'व्हेटरन्स डे' : हुतात्मा दिन की माजी सैनिक दिन?

अमेरिकेत ११ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या 'व्हेटरन्स डे'ला एका अनुवादात 'हुतात्मा दिन' म्हटले आहे. ते योग्य आहे का, आणि त्याचे जुने नाव 'आर्मिस्टिस डे' मराठीत 'तहाचा दिवस' असे लिहावे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

'हुतात्मा' येथे सपशेल चूक आहे. हा दिवस सैन्यात सेवा केलेल्या सर्वांच्या, त्यातही मुख्यतः हयात असलेल्यांच्या, सन्मानाचा आहे. मिरवणुकीत स्वतः चालणाऱ्या माणसाला हुतात्मा म्हणणे म्हणजे त्याला जिवंतपणी श्रद्धांजली वाहणे होय. रणांगणावर पडलेल्यांसाठी तेथे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी 'मेमोरियल डे' असतो. 'निवृत्त सैनिक' हा शब्दही अपुरा पडतो, कारण निवृत्ती म्हटली की पूर्ण सेवा आणि निवृत्तिवेतन डोळ्यांपुढे येते, तर दोन-तीन वर्षांची सेवा करून घरी परतलेलाही अमेरिकेत व्हेटरनच असतो. 'माजी सैनिक' हा आपल्याकडे रुळलेला शब्द दोघांनाही सामावून घेतो. १९५३ साली पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा ज्या तारखेला लष्करातून निवृत्त झाले, त्या १४ जानेवारीला भारतातही माजी सैनिक दिन साजरा होतो.

'तह' या शब्दाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तह म्हटला की मराठी वाचकाला पुरंदरचा तह आठवतो, १६६५ सालचा, २३ किल्ले देऊन झालेला. तहात युद्धाचा निकाल लागतो, म्हणूनच 'लढाईत जिंकले आणि तहात हरले' असे आपण म्हणतो. पहिल्या महायुद्धात, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे फ्रान्समधील कॉम्पिएन्यच्या जंगलात, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात ज्या करारावर सह्या झाल्या, त्याने सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या, एवढेच. त्याची मुदत सुरुवातीला ३६ दिवसांची होती आणि ती पुढे वाढवावी लागली. खरा तह व्हर्सायला २८ जून १९१९ रोजी झाला. 'युद्धविराम' चालण्यासारखा आहे, परंतु जर्मनीने ५,००० तोफा हवाली कराव्यात यांसारख्या कडक अटी या करारात होत्या आणि नुसत्या 'विरामा'त त्या करारबद्धतेचा मागमूस राहत नाही. 'शस्त्रसंधी'तील 'संधी' मात्र करारच सांगतो, आणि सीमेवरच्या बातम्यांमुळे हा शब्द वर्तमानपत्रांच्या वाचकांना परिचितही आहे. माझा कौल त्यालाच.

१९१९ पासून पाळला जाणारा आणि १९३८ मध्ये कायद्याने सुटीचा ठरलेला हा दिवस पहिल्या महायुद्धापुरता होता. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात लढून आलेल्यांना त्या नावात जागा नव्हती. म्हणून १ जून १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याने 'आर्मिस्टिस'च्या जागी 'व्हेटरन्स' आले. अनुवादकाने त्यामुळे मूळ मजकुरातील प्रसंगाचे साल पाहावे: अमेरिकेतील १९३० सालचा प्रसंग असेल तर शस्त्रसंधी दिन, १९६० सालचा असेल तर माजी सैनिक दिन. ब्रिटनमधील त्याच तारखेच्या 'रिमेंब्रन्स डे'चा भर मात्र मृत सैनिकांवर असल्याने तेथे 'स्मरणदिन'च लिहावे.