झुलत्या पुलावरून जंगलाचा माथा : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही कोस्टा रिकातील मॉन्टेव्हर्दे येथील मेघारण्य (बहुतेक काळ ढग-धुक्यात बुडालेले डोंगरी जंगल) आणि त्याच्या माथ्यालगत टांगलेले झुलते पूल यांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेली बहुतेक पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील आहेत. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसावर भागवणाऱ्या, बाभळी-बोरींच्या मुलखातील वाचकांना बारमाही ओल्या जंगलाचे इतके कुतूहल असावे, हे समजण्यासारखे आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

जंगल पाहायचे तर पायवाटेने पाहावे. तीस-चाळीस मीटर उंचीवर पूल टांगण्यात पर्यटकांची हौस सोडली तर काय साधते?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

आपली शंका माळरानाच्या बाबतीत बरोबर ठरली असती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गवतात उभे राहिले की जे आहे ते डोळ्यांसमोर असते. उष्ण कटिबंधातील सदाहरित जंगलात मात्र जमिनीपर्यंत पोहोचणारा उजेड शंभरातला एक-दोन हिस्साच असतो, बाकीचा वरच्या पानांनीच अडवलेला असतो. आणि जिथे उजेड तिथेच पालवी, फुले, फळे आणि त्यांच्यावर जगणारे कीटक, पक्षी व माकडे असल्यामुळे पायवाटेवरून चालणाऱ्याला खोडे, सावली आणि वरून गळून पडलेल्या पाकळ्या एवढेच पाहायला मिळते. म्हणजे घराच्या तळघरात फिरून घर पाहिल्यासारखेच ते होते.

वर काय आहे याचा अंदाज शास्त्रज्ञांनाही फार उशिरा आला. टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने पनामात एकाच जातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांमध्ये कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले कीटक गोळा केले, तेव्हा त्यात नुसत्या भुंगेऱ्यांच्याच सुमारे १,२०० जाती निघाल्या. त्यावरून त्याने १९८२ साली उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या (कीटक, कोळी वगैरे सांधेदार पायांच्या जीवांच्या) तीन कोटी जाती असाव्यात असा हिशेब मांडला. तो आकडा पुढे बराच खाली आणावा लागला, परंतु जंगलाच्या माथ्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळवण्याचे काम त्या अतिशयोक्त आकड्याने केले, असे आमचे मत आहे. १९९० साली पनामातच एक बांधकामाची क्रेन जंगलात उभी करून तिच्या पाळण्यातून शेंड्यांचा अभ्यास सुरू झाला. क्रेन सर्वसामान्यांसाठी नसते, पूल असतो.

छायाचित्रांत फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि आमरी (ऑर्किड) यांचे दाट थर दिसतात. आमच्या आंब्यावर बांडगूळ आले तर आम्ही फांदीसकट छाटतो. इतका भार अंगावर घेऊन ती झाडे जगतात कशी?
— एक बागायतदार, बार्शी

आपण बांडगूळ छाटता ते योग्यच करता, कारण त्याची मुळे फांदीत शिरून आंब्याचा रस ओढतात. शेवाळ, नेचे आणि आमरी ही मंडळी निराळी. त्यांना अपिवनस्पती म्हणतात. त्या झाडाचा केवळ आधार घेतात. पाणी पावसातून आणि धुक्यातून मिळवतात आणि अन्न स्वतः तयार करतात. भार अतिशय वाढला तर एखादी फांदी मोडते, हे खरे. पण या व्यवहारात झाडाचाही लाभ असतो आणि तो उघडकीस आणणाऱ्या संशोधिकेचे आडनाव आपल्या ओळखीचे आहे. भारतीय वडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या नलिनी नाडकर्णी यांनी दोरांच्या साहाय्याने झाडांवर चढून फांद्यांवरील शेवाळाची गादी उचकटून पाहिली, तेव्हा तिच्याखाली पाने-काड्या कुजून झालेली माती होती, आणि त्या मातीत मुळे पसरलेली होती. ती मुळे नेच्यांची नव्हती. ज्या झाडाची फांदी, त्याच झाडाची होती. जमिनीतील मुळांवर न थांबता झाड आपल्याच फांदीतून मुळे काढून वरच्या मातीतले अन्न घेत होते. हे निरीक्षण १९८१ साली प्रसिद्ध झाले. आरंभीची झाडे अमेरिकेच्या वायव्येकडील थंड वर्षावनातील मेपलची होती, पण असाच प्रकार त्यांना उष्ण कटिबंधातही आढळला आणि पुढे मॉन्टेव्हर्दे हेच त्यांच्या कामाचे मोठे क्षेत्र झाले.

याच फांद्यांवर अननसाच्या कुळातील वनस्पतीही असतात. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे ओंजळभर पाणी साठून राहते. कोस्टा रिकाच्या सखल भागात नखाएवढा, तांबडाभडक विषारी बेडूक आहे. त्याची मादी आपल्या पिल्लांना एकेक करून पाठीवर घेते, झाडावर चढते, एकेका बेचक्यातल्या पाण्यात एकेकाला सोडते आणि पुढे कित्येक आठवडे फेऱ्या घालून त्यांना खाण्यासाठी आपलीच अफलित अंडी देते. बार्शीच्या बागेत याला तोड सापडणे कठीण.

पूल हलतो तेव्हा पोटात गोळा येतो. तो ताणून घट्ट का बांधत नाहीत? आणि ज्या झाडांना तो बांधतात त्यांचे काय होते?
— एक गृहिणी, अक्कलकोट रस्ता

भिजलेली सोलापुरी चादर दोरीवर वाळत घालताना आपण पाहिलेच असेल : दोरी जितकी ताठ बांधावी तितका भिंतीतील खिळ्यावर ताण अधिक, आणि शेवटी खिळा उपटून चादर खाली. तीच दोरी थोडी सैल, मध्ये झोळ ठेवून बांधली तर निमूटपणे तेच वजन पेलते. झुलत्या पुलाच्या पोलादी दोरखंडांना झोळ ठेवतात तो याच कारणाने, आणि झोळ आला की झुलणे आलेच. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. धोका असतो तो अनेकांनी एकाच तालात पावले टाकण्यात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील ब्रॉटनचा झुलता पूल १८३१ साली कवायतीच्या पावलांनी चाललेल्या सैनिकांच्या तुकडीखाली कोसळला, आणि तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालण्याचा हुकूम सैन्यात रूढ झाला. म्हणून एका वेळी पुलावर किती जणांनी जावे, याविषयीची पाटी गंमत म्हणून लावलेली नसते. मुलांना मुद्दाम उड्या मारू देणाऱ्या पालकांविषयी आम्ही येथे लिहिण्याचे टाळतो.

झाडांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. सालीच्या लगेच आतून पानांत तयार झालेले अन्न खाली उतरत असते. खोडाभोवती तार करकचून आवळली तर ती हळूहळू सालीत रुतते आणि झाड उपाशी मरते. दारातल्या कडुनिंबाला वर्षानुवर्षे बांधलेली तार नीट पाहिल्यास हे कळेल. घानातील काकुम राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली झालेला सुमारे ३५० मीटरचा, सात पुलांचा मार्ग मोठ्या झाडांनाच टांगलेला आहे. अशा ठिकाणी दोरखंड आणि साल यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालतात आणि खोड जाडावत जाईल तसे ते बंध तपासून सैल करावे लागतात. ही देखरेख जमणार नसेल तर पोलादी मनोरे उभारलेले बरे.

मेघालयातील मुळांचे पूल याच प्रकारातले का?
— एक विद्यार्थी, पंढरपूर

नाही. खासी लोक रबराच्या वडाची जिवंत मुळे ओढ्यापलीकडे वळवून ते पूल वाढवतात. त्यांचा हेतू ओढा ओलांडण्याचा आहे, जंगलाचा माथा पाहण्याचा नव्हे.

कोस्टा रिका आमच्या आवाक्याबाहेर आहे. वृद्ध आई आणि दहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन सोलापूरहून कुठे जाता येईल?
— एक वाचक, होटगी रस्ता

कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात, कॅसलरॉकजवळील कुवेशी येथे वन खात्याने असा मार्ग उभारला आहे. सोलापूरहून विजयपूर, बागलकोट, गदग या मार्गाने रेल्वेने हुबळी आणि तेथून लोंढ्यावरून कॅसलरॉक गाठता येते. निघण्यापूर्वी मार्ग खुला आहे का, याची खात्री वन खात्याकडे अवश्य करावी, कारण पावसाळ्यात अशी ठिकाणे बंद असतात. आईंना गुडघ्यांचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर आग्रह करू नये. पुलाच्या तोंडाशी, सावलीत बसूनही शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेपावताना दिसू शकतो.

मुलाला मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. पूल ओलांडून पलीकडे पोहोचणे हे काम नाही, कारण पलीकडे अलीकडच्यासारखेच जंगल आहे. पहाटे, गर्दी होण्याआधी जावे, मधल्या एखाद्या थांब्यावर पुलाचे हलणे थांबेपर्यंत उभे राहावे आणि त्यानंतर निदान अर्धा तास हलू नये. त्या जंगलात महाधनेश हा मोठ्या चोचीचा, फळे खाणारा पक्षी आहे, आणि वड-उंबराच्या जातीचे झाड फळले की तो दिवसातून अनेकदा तिथे येतो. विणीच्या काळात ढोलीत स्वतःला लिंपून घेतलेल्या मादीसाठीही फळे नेतो. म्हणून वनरक्षकाला ‘वाघ कुठे दिसेल’ असे सारेच विचारतात ते न विचारता, ‘सध्या कोणते झाड फळले आहे’ असे विचारावे, आणि त्या झाडाकडे तोंड करून उभे राहावे.