नेपिअर गवताच्या बायोगॅस डायजेस्टरमध्ये व्हीएफए (बाष्पशील फॅटी आम्लं) वाढतंय पण एडीएम१ मॉडेल सगळं ठीक दाखवतंय, निकेल-कोबाल्ट मॉडेलमध्ये कसे घालू?

तुम्ही लिहिलंय की प्लांट शेणावर सुरू केला, मग हळूहळू नेपिअर आणि थोडा प्रेसमड (साखर कारखान्याचा गाळ), एचआरटी (स्लरी टाकीत राहण्याचा सरासरी काळ) ४० दिवस, चार महिने छान चाललं आणि नंतर प्रोपिओनेट (त्या आम्लांपैकीच एक) चढायला लागलं, मॉडेलमध्ये मात्र गॅस सरळ रेषेत. तुमचा कोड बरोबर असणार. २००२ च्या मूळ एडीएम१ मध्ये (डायजेस्टरचं प्रमाणित गणिती मॉडेल) ट्रेस मेटल नाहीतच, सल्फर नाही, फॉस्फरस पण नाही. न्यूट्रियंट कमी पडला म्हणून वाढ मंदावते ही सोय फक्त अजैविक नायट्रोजनसाठी आहे. मग ते मॉडेल निकेलची कमतरता दाखवणार कुठून?

आधी चार महिन्यांचा हिशोब करा, तो एक्सेलमध्ये पण होतो. शेणातून आलेला कोबाल्ट, निकेल, सेलेनियमचा साठा सीएसटीआरमधून (सतत ढवळलेल्या टाकीतून) रोज थोडा थोडा बाहेर जातो आणि तीन एचआरटी म्हणजे १२० दिवसांनी त्यातला साधारण ५ टक्केच उरतो. नुसत्या गवतावर चालणाऱ्या डायजेस्टरमध्ये हे धातू कमी पडतात हे जुनं दुखणं आहे, त्यामुळे त्रास चौथ्या महिन्यात दिसणं अगदी जुळतंय. पहिलं मॉडेल हेच: फीडमधून किती आलं, किती वाहून गेलं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण इथे लॅबचा टोटल निकेलचा आकडा घेतात आणि थेट मोनोड टर्ममध्ये (पोषण कमी तशी वाढ मंद दाखवणारं सूत्र) टाकतात, कृपा करून तसं करू नका. टोटल निकेल असून उपयोग नाही, घरात धान्य आहे पण कोठीला कुलूप आहे अशी अवस्था असते आणि कुलूप लावतो सल्फाइड. पीएच ७ च्या आसपास विरघळलेला सल्फाइड साधारण निम्मा एचएस मायनस (HS⁻) आयनच्या रूपात असतो, निकेल आणि कोबाल्ट त्याच्याशी लगेच साका धरतात. आणि तुमच्याकडे प्रेसमड आहे! आपल्याकडचे बहुतेक साखर कारखाने सल्फिटेशनवाले (रस साफ करायला सल्फर डायऑक्साइड वापरणारे), म्हणजे सल्फर फीडमधूनच येतोय. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी सल्फर मॉडेल करा (सल्फेट रिड्यूस करणारे जिवाणू, एच२एस गॅसमध्ये जाणं, सगळं), मग लोह, आणि त्यानंतरच निकेल-कोबाल्ट.

लोह मध्ये का, तर आयर्न सल्फाइड हे निकेल-कोबाल्टच्या सल्फाइडपेक्षा जास्त विरघळतं पण लोहाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, त्यामुळे मोकळा सल्फाइड किती राहणार हे बऱ्याचदा लोहच ठरवतं. एच२एससाठी फेरिक क्लोराइड टाकला की कधीकधी व्हीएफए पण उतरतं त्याचं एक कारण हे. फक्त निकेल-कोबाल्ट त्या आयर्न सल्फाइडच्या कणांना चिकटूनही बसतात, तेव्हा सोर्प्शनची एक टर्म लागेल. शिवाय कार्बोनेट, फॉस्फेट, आणि सेंद्रिय पदार्थांशी होणारे कॉम्प्लेक्स, जे विरघळलेले राहतात. स्पेसिएशनचे (धातू कोणत्या रूपात किती) आकडे फ्रीक (PHREEQC) या सॉफ्टवेअरमध्ये तपासून घ्या, फुकट आहे. सेलेनियम, मॉलिब्डेनम, टंगस्टनला मात्र हे गणित लावू नका, ते ऑक्सिअॅनायन (ऑक्सिजन जोडलेले ऋण आयन) म्हणून फिरतात, त्यांची केमिस्ट्रीच वेगळी.

कायनेटिक्स त्यामानाने सोपं. नायट्रोजनसाठी जो फॉर्म आहे तोच घ्या, पण विरघळलेल्या भागावर आणि योग्य गटाला. निकेल अॅसिटेट आणि हायड्रोजनवाल्या मिथेनोजेन्सना (मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना), कारण मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या एन्झाइममधल्या एफ४३० मध्ये निकेल असतो. कोबाल्ट (बी१२ मुळे) अॅसिटेटवाल्यांना आणि प्रोपिओनेटवाल्यांना पण. सेलेनियम आणि टंगस्टन प्रोपिओनेटवाल्यांना, फॉर्मेट डिहायड्रोजिनेजसाठी. मॉडेलमधल्या सूक्ष्मजीवांच्या सातही गटांना सगळे धातू लावत बसलात तर पॅरामीटर इतके होतील की प्लांटच्या डेटावरून एकही नीट बसणार नाही.

सॉल्व्हरबद्दल (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. मॅटलॅबच्या ओडीई१५एस सॉल्व्हरमध्ये अॅब्सोल्यूट टॉलरन्स (याहून लहान आकड्याची पर्वा नाही अशी मर्यादा) डिफॉल्ट १०⁻⁶ असतो आणि एडीएम१ च्या किलोमोल प्रति घनमीटर युनिटमध्ये विरघळलेला निकेल त्याच्याही खाली जातो. म्हणजे सॉल्व्हरच्या दृष्टीने तो शून्यच! धातूंसाठी टॉलरन्स वेगळा द्या नाहीतर युनिट मायक्रोमोल करा. आम्ल-अल्कलीचं संतुलन अल्जिब्राईक ठेवा, साका बसण्याला मात्र वेगाचं समीकरण (रेट) लावा.

डेटासाठी गाळलेला आणि न गाळलेला असे दोन्ही नमुने आयसीपी-एमएसला (धातू मोजण्याच्या चाचणीला) पाठवा, सोबत द्रवातला सल्फाइड, गॅसमधला एच२एस आणि पीएच त्याच दिवशीचा. आणि बाटल्यांमधली टेस्ट तुमच्याच उपाशी डायजेस्टरच्या स्लरीवर करा, एकेक धातू वेगळा घालून. दुसऱ्या शेणाच्या प्लांटमधून इनॉक्युलम (जिवाणूंचं विरजण) आणलं तर त्यातूनच धातू येतात आणि कमतरता दिसतच नाही, बीएमपी (किती मिथेन निघू शकतो त्याचा आकडा) उत्तम येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

तोपर्यंत फीड कमी करा आणि थोडं शेण परत सुरू करा. मिक्स पावडरचं पोतं आणून अंदाजाने टाकू नका, ती स्लरी शेवटी शेतकऱ्याच्या रानात जाणार आहे आणि निकेल तिथून कुठे जात नाही. कमीत कमी किती डोस पुरेल हे काढता यावं म्हणून तर हे मॉडेल करायचं. सल्फाइडचे आकडे आले की इथेच टाका, लोहाचा डोस आपण बसून काढू.