धुऱ्यावरच्या माशा: आधी फूल लिहा, नाव मागाहून

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीनंतर पांदणीच्या (शेतवाटेच्या) कडेला आणि वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) एकदांडीच्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बारीक माशा येतात, हवेत एकाच जागी थांबतात. शाळेतली पोरं त्यांना मधमाशा म्हणतात. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकले तर ओळख 'सिरफिडी' या माशांच्या कुळापाशीच अडून बसते. मग अशा नोंदींचा उपयोग काय आणि त्या ठेवायच्या कशा?

उपयोग आहे. कुळापर्यंतच ओळखलेली माशी, पण फुलाचं नाव, वेळ आणि जागा नीट लिहिलेली, ही नोंद माझ्या लेखी नुसत्या सुंदर फोटोपेक्षा मोलाची. विदर्भातल्या धुऱ्यांवर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कोणतं फूल कोणाला खाऊ घालतं, हे गावातल्या माणसाइतकं सातत्याने दुसरं कोण पाहणार?

आधी मधमाशीचा घोळ मिटवू. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, या माशीला एकच. पण पंख मोजणं जमत नाही, म्हणून तोंडाकडे बघायला सांगा. डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं, आणि मिशा इतक्या आखूड की दिसतच नाहीत, तर ती माशी. पायाला परागाचे गोळे नसतात. डंखही नसतो, सोंग तेवढं गांधीलमाशीचं. पोरांनी बिनधास्त जवळ जावं, फक्त सावली फुलावर पडू देऊ नये.

आता नाव. एका माशीचे तीन फोटो हवेत: वरून, बाजूने आणि समोरून. पोटाच्या प्रत्येक पट्ट्यावर एक जाड आणि एक बारीक अशी काळ्या रेघांची जोडी दिसली तर बहुधा एपिसिर्फस बाल्टिएटस. छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी रेघ असेल तर इस्किओडॉन स्कुटेलारिस असण्याची शक्यता तपासा. डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असलेली, जरा दणकट माशी एरिस्टॅलिनस या प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). आणि एकदांडीवर जी अगदी चिमुकली, काळपट माशी दिसते ती पॅरॅगस असेल, तर तिथेच थांबा. तिच्या जाती नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवाव्या लागतात, फोटोवर कोणी ठामपणे जात सांगितली तरी मानू नका. अ‍ॅप सुचवतं ते पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारण्यापेक्षा प्रजातीवर थांबलेली नोंद बरी.

फुलांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथे आहे. या माशांची सोंड आखूड. त्यामुळे उथळ, उघड्या फुलांवर त्यांची गर्दी: एकदांडी, पाटाच्या कडेचा माका, सहदेवी, ओसाडी, थंडीतला उटकटारा, परसातली फुलावर आलेली कोथिंबीर. पावसाळा सरता सरता बोरीला बहर येतो, तेव्हा तिच्या हिरवट फुलांवर इतके प्रकार असतात की एका फांदीवर सकाळ जाते. उलट दीपमाळेची नारिंगी नळी त्यांच्या आवाक्याबाहेरची, तिथे शिंजीर पक्षी येतो. तरोटा तर मधच देत नाही. त्याच्या परागकोशांना टोकाशी भोकं असतात, भुंगा फुलाला धरून थरथरतो तेव्हा पराग बाहेर सांडतो. म्हणून 'तरोट्यावर सिरफिड नाही, भुंगा आहे' ही नोंदही कामाची. गाजरगवताचा राग असला तरी त्यावर बसलेली माशी वगळू नका. हे तण १९५०च्या दशकात पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं, आता आपल्या किड्यांच्या जेवणात त्याचा वाटा किती हे कळायलाच हवं. मुलांना मात्र त्यात शिरू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

पद्धत सोपी ठेवा. ब्रिटनमध्ये हौशी लोक ५० सेंमी बाय ५० सेंमीच्या चौकोनातल्या एकाच जातीच्या फुलांवर १० मिनिटं बसलेले किडे मोजतात. आपल्याकडेही हे आरामात चालतं, चार काड्या आणि सुतळी पुरे. चौकोनात फुलं किती, ऊन की ढग, वारा किती, आणि किडे गटागटाने: सिरफिड माशा, इतर माशा, मधमाशा, गांधीलमाश्या, फुलपाखरं, भुंगेरे. एकही आला नाही तर शून्य लिहा. शून्य लिहायचा लोकांना फार कंटाळा, आणि मग वर्षअखेर वही बघितली तर रोज किड्यांची जत्राच होती असं वाटतं. ऑक्टोबरच्या तापत्या दुपारी माशा सावलीत दडतात, तेव्हा सकाळी लवकर बसा. डिसेंबरात दव वाळून ऊन चढेपर्यंत घाई नको.

आयनॅचरलिस्टवर माशीची एक नोंद करा, तोच फोटो वापरून फुलाची दुसरी, आणि माशीच्या वर्णनात फुलाचं नाव लिहा. घरचं वावर असेल तर ठिकाण धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा.

फुलाखाली माशी निश्चल लोंबकळताना दिसली तर पाकळ्या नीट बघा. बहुतेक वेळा फुलाच्याच रंगाचा खेकडा कोळी तिला धरून बसलेला असतो. तीही नोंदच.

मुलांना रुईजवळ जरूर न्या. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) असतो, त्यात बिनपायांची, गोगलगायीसारखी सरकणारी चपटी अळी शोधायची. ती सिरफिडची. करडईवरच्या आणि मोहरीवरच्या माव्यातही सापडते. कृषी खात्याची माणसं सिरफिड ओळखतात ती याच अळीमुळे. सगळ्यांच्या अळ्या मात्र मावा खात नाहीत. एरिस्टॅलिनसची अळी गोठ्याच्या सांडपाण्यात वाढते, शेपटीसारखी लांब नळी वर काढून श्वास घेते. ती पाहून पोरं आधी नाक मुरडतात, मग हलत नाहीत.

एक गोष्ट कडकपणे पाळा: पऱ्हाटीवर (कपाशीवर) किंवा तुरीवर फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावर मुलांना नेऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. शेतमालकाला विचारूनच जा, आणि फवारणीची तारीख त्यालाच विचारून वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात आकडा एकदम खाली आला तर कारण शोधायला तीच ओळ उपयोगी पडते.

धुरा कापला किंवा पेटवला तर तीही तारीख लिहा. आणि मालक ऐकणारा असेल तर एका टोकाची दहा-पंधरा हात एकदांडी आणि उटकटारा संक्रांतीपर्यंत ठेवायला सांगा. हरभऱ्याला त्याने काही बिघडत नाही, आणि तुम्हाला कापलेल्या व न कापलेल्या धुऱ्याची तुलना एकाच वावरात मिळते.