पंप नंतर घ्या, आधी टिप ठरवा: कप गन की एअरलेस?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या अंबडला तुमचं फॅब्रिकेशन शॉप आहे. शेडच्या स्ट्रक्चरचं काम आलंय. झिंक इपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन, त्यावर एमआयओ (पापुद्र्यांचं लोह ऑक्साइड) इपॉक्सी १००, वरून पीयू (पॉलियुरेथेन) ५०. आजवर सगळं कप गनने, म्हणजे हवेने फवारणाऱ्या गनने मारलं. आता इन्स्पेक्टरने एमआयओनंतर मीटर लावला आणि डीएफटी (सुक्या थराची जाडी) कमी म्हणून माल परत पाठवला, कमी तीही मुख्यतः वेब (गर्डरची मधली उभी पट्टी) आणि फ्लँजच्या (वरची-खालची आडवी पट्टी) कोपऱ्यात. विक्रेता म्हणतो मोठ्या रेशोचा एअरलेस पंप (हवेऐवजी नुसत्या दाबाने पेंट फवारणारा) घ्या, प्रश्न मिटला. त्याच ऑर्डरमध्ये रेलिंगही आहे.

भाऊ, एअरलेस लागेलच, त्यात दुमत नाही. पण विक्रेत्याने गणित उलट्या टोकाने मांडलंय. आधी पेंटची डेटा शीट (कंपनीचं माहितीपत्रक), तिच्यावरून टिप (गनच्या तोंडाचा बारीक छिद्राचा तुकडा), टिपवरून पंप आणि पंपावरून कॉम्प्रेसर, हा क्रम धरा. पंपापासून सुरुवात केली तर पैसे जातील आणि डीएफटी तिथंच राहील.

आधी माल का परत आला ते बघू. तुम्ही लिहिलंय की थिनर ‘गन चालेल इतकं’ टाकतो. कप गनमध्ये हवेने पेंट फोडायचं असतं, म्हणून जाड इपॉक्सी तिच्यातून सरळ निघत नाही आणि पेंटर २५-३० टक्के थिनर ओततो. समजा डेटा शीटवर व्हॉल्यूम सॉलिड (सुकल्यावर उरणारा भाग) ६० टक्के आहे. थिनर न टाकता १०० मायक्रॉन सुका थर हवा असेल तर ओला थर १६७ मायक्रॉन लागतो. ३० टक्के थिनर टाकलं की सॉलिड उरतं ४६ टक्के, आणि त्याच १०० साठी ओला थर लागतो २१७. एवढा पातळ केलेला माल उभ्या वेबवर २१७ मायक्रॉन टिकतच नाही, ओघळतो. ओघळ नको म्हणून पेंटर हात झरझर फिरवतो आणि डीएफटी पडते. पेंटरला बोल लावण्यात अर्थ नाही, त्या गनने तो दुसरं काही करूच शकत नव्हता.

कोपऱ्याचं कारण वेगळं. एअर स्प्रेमध्ये पेंटबरोबर हवाही कोपऱ्यात घुसते आणि तिथून उलटी फिरते. येताना बारीक थेंब परत घेऊन येते. म्हणून वेब-फ्लँजच्या सांध्यात नेहमी पातळ आणि खरखरीत थर पडतो. एअरलेसमध्ये पेंटला हवा लागतच नाही. १५०-२०० बार दाबाने ते बारीकशा छिद्रातून बाहेर पडतं आणि स्वतःच फुटतं. उलटी हवा नाही, थिनर नाममात्र, एका फेरीत जाड थर. स्ट्रक्चरसाठी त्याला तोड नाही.

आता टिप. तिच्यावर तीन आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ ५१९. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे फॅनची रुंदी इंचात, साधारण १२ इंचांवरून मारल्यास. म्हणजे इथे १० इंच. उरलेले दोन आकडे छिद्राचे, म्हणजे ०.०१९ इंच. झिंक इपॉक्सीला डेटा शीटवर बहुधा ०.०१७ ते ०.०२१ सापडेल, एमआयओला ०.०१९ ते ०.०२३, पीयूला त्याहून बरीच लहान. तुमच्या शीटवर जे लिहिलंय तेच प्रमाण माना.

छिद्र पेंटवरून ठरतं, फॅन मात्र जॉबवरून ठरवायचा, आणि इथंच आपल्याकडे सगळ्यात जास्त पेंट वाया जातं. आयएसएमबी ३०० (I आकाराचा गर्डर) घ्या. एकूण उंची ३०० मिलिमीटर, फ्लँज १४० मिलिमीटर रुंद. ५१९ चा फॅन सुमारे २५ सेंटिमीटर. वेबला तो छान बसतो, पण तोच फ्लँजवर मारला तर जवळपास अर्धं पेंट हवेत. फ्लँजला ३१९ लावा, फॅन १५ सेंटिमीटर, जेमतेम मापात. ब्रेसिंगच्या ५० बाय ५० अँगलला २ ने सुरू होणारी टिप. दोन टिप खिशात ठेवून बदलायला मिनिटभर लागतं, तरी पेंटर एकाच टिपने सगळं उरकतो, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला शेजारी उभं करून दोन्ही फॅन पुठ्ठ्यावर मारून दाखवा, पटकन पटतं.

दाब कसा लावायचा तेही बघा. पुठ्ठा लावा, कमी दाबावर मारा. फॅनच्या दोन्ही कडांना जाड रेघा दिसतील, त्याच शेपट्या. दाब थोडा थोडा वाढवत न्या, शेपट्या गेल्या की थांबा. त्यापुढे वाढवलेला प्रत्येक बार म्हणजे जास्त धुरळा आणि टिपची झीज. एमआयओ ही अभ्रकासारख्या पापुद्र्यांची भरड असते, ती टिप खाते. टिप झिजली की छिद्र मोठं होतं आणि फॅन अरुंद. दहा इंचांचा फॅन साडेसातवर आला की ती टिप भंगारात. ती वाचवण्याच्या नादात कितीतरी जास्त पेंट जातं.

आता पंप. पंपाच्या माहितीपत्रकात कमाल टिप आणि मिनिटाला किती लिटर हे लिहिलेलं असतं. ०.०२१ ची टिप सुमारे पावणेदोन लिटर मिनिटाला मागते. टिप झिजत मोठी होते, म्हणून थोडी वरची क्षमता घ्या. रेशो म्हणजे फक्त दाबाची पट. ४५:१ च्या पंपाला ६ बार हवा दिली की कागदावर २७० बार मिळतात, तुमच्या तिन्ही कोटना तेवढे पुरेत. ६८:१ ची गरज अतिजाड, सॉल्व्हेंट नसलेल्या मालाला लागते. तुमच्या ऑर्डरमध्ये तो नाही. खरी मेख हवेची आहे. पाच एचपीचा कॉम्प्रेसर १५-२० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) देतो, आणि न्यूमॅटिक एअरलेस सलग चालवायला बऱ्याचदा त्याच्या दुप्पट किंवा अधिक लागते. विक्रेते हे शेवटी सांगतात. मग पंप धापा टाकतो, दाब वरखाली होतो, शेपट्या परत येतात आणि नाव पेंटचं खराब होतं. होजही बघा, लांब पल्ल्याला तीन सुती (३/८ इंच), शेवटचा दीड-दोन मीटरचा तुकडा दोन सुती (१/४ इंच). सगळी लाइन दोन सुती टाकली तर दाब वाटेतच मरतो.

सिंगल फेजवरचे इलेक्ट्रिक एअरलेस स्वस्त पडतात, आणि लहान कामाला चालतात. पण त्यांची मोटर ठिणगी देऊ शकते. सॉल्व्हेंटची वाफ साचते तिथं ती ठेवायची नाही, लांब होज लावून मशीन मोकळ्या हवेत.

झिंकबद्दल वेगळं सांगतो. झिंक जड असतं, बसतं. कप गनच्या तळाशी ते साचतं आणि वर निव्वळ रेझिन जातं, म्हणजे रंग झिंकचा दिसतो पण संरक्षण झिंकचं मिळत नाही. पंपाला लावताना ड्रममध्ये ढवळणी सतत चालू हवी, गनमधली बारीक जाळी काढून भरड लावा, आणि जेवणाच्या सुट्टीत माल होजमध्ये ठेवायचा नाही. परत ड्रममध्ये फिरवा नाहीतर थिनरने धुवा.

कोणतीही गन असो, कडा, वेल्ड, बोल्टची भोकं आणि क्लीटच्या (जोडपट्टीच्या) मागच्या जागा आधी ब्रशने. पेंट सुकताना धारदार कडेवरून मागे ओढलं जातं, म्हणून कड साधारण २ मिलिमीटर गोल घासून घ्या आणि स्ट्राइप कोट, म्हणजे कडेवर ब्रशचा जादा हात मारा. मग कोपरे, मग फ्लँज, शेवटी वेब. गन सुमारे ३० सेंटिमीटरवर, जॉबला काटकोनात, मनगट न वळवता, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर.

आणि वेट फिल्मची कंगवा पट्टी प्रत्येक पेंटरच्या खिशात हवी. मारल्या मारल्या ओल्या थरावर ती सरळ उभी दाबायची आणि उचलून बघायची. शेवटचा भिजलेला दात आणि पहिला कोरडा दात यांच्यामध्ये तुमचा ओला थर. १०० सुक्याला १० टक्के थिनरसह १८३ ओला हवा, तर १७५ चा दात भिजला पाहिजे. नाही भिजला तर आत्ताच दुसरी फेरी. उद्या मीटरवर कळण्यापेक्षा आज पट्टीवर कळलेलं स्वस्त.

रेलिंगला एअरलेस लावूच नका. इंच-दीड इंचाच्या पाइपवर फॅन मारला की बहुतेक माल पलीकडच्या भिंतीवर. त्याला प्रेशर पॉटची (दाबाच्या टाकीतून पेंट येणारी) गन किंवा एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची गन) चांगली. एचव्हीएलपीमध्ये एअर कॅपपाशी हवा १० पीएसआयच्या आतच राहते, त्यामुळे माल जॉबवर जास्त बसतो. रेलिंग नेहमीचं काम होणार असेल तर इलेक्ट्रोस्टॅटिक गनचा विचार करा, भारित थेंब पाइपच्या मागच्या बाजूलाही ओढले जातात. मात्र खोल कोपऱ्यात तीच गन मार खाते, म्हणून गर्डरला नाही.

हवेचं नाशिकपुरतं सांगतो. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण यार्डात मोजतो कोण? डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा येतो तेव्हा सकाळी गर्डर हवेपेक्षा थंड असतो, हात फिरवला तर ओल लागते. साध्या इपॉक्सीला पोलाद १० अंशांखाली चालत नाही, वाळणं रेंगाळतं आणि वर चिकट मेणचट थर येतो, त्यावर पीयू धरत नाही. अशा दिवसांत साडेदहा-अकरा वाजेपर्यंत गन उचलू नका आणि उन्हं कलायच्या आत थांबा. एप्रिल-मेमध्ये उलट. दुपारी पेंट जॉबवर पोचेपर्यंतच सुकतं, हाताला पावडर लागते, आणि मिसळलेल्या मालाचं पॉट लाइफ (वापरता येण्याची मुदत) दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. तेव्हा सकाळीच उरका. वाऱ्याच्या दिवशी शेजारच्या प्लॉटमध्ये गाड्या लावलेल्या असतील तर थांबा, थेंब लांब जातात.

आता जे लिहितोय ते तुमच्या पेंटरांना वाचून दाखवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. एअरलेसच्या टिपसमोर बोट आलं तर २०० बारने पेंट कातडीच्या आत जातं. बाहेर दिसतो टाचणीएवढा ठिपका, दुखतही नाही फारसं. माणूस बँडेज बांधून कामाला लागतो, आणि आत पेंट आणि सॉल्व्हेंट बोटाच्या कप्प्यांमधून पसरत असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं. थेट अशा रुग्णालयात न्या जिथं हाताची शस्त्रक्रिया होते, आणि ‘खरचटलं’ असं सांगू नका, ‘हाय प्रेशरने पेंट आत गेलंय’ असं सांगा, डबाही सोबत न्या. टिप चोंदली तरी आधी पंप बंद, ट्रिगर दाबून दाब शून्य, लॉक, मगच हात. टिपचा गार्ड काढून कोणी काम करत असेल तर काम थांबवा. पंप, गन आणि जॉब, तिन्हीला अर्थिंग. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला कापडी मास्क म्हणजे काहीच नाही, बाहेरून हवा येणारा मास्क लागतो. एकदा दमा लागला की त्या पेंटरचं ते काम कायमचं सुटतं.

तेव्हा डेमो मागवताना तुमचाच पेंट, तुमचाच कॉम्प्रेसर आणि परत आलेलाच एक गर्डर लावायला सांगा. पुठ्ठ्यावर पाणी मारून दाखवणाऱ्याला परत पाठवा. पंपाच्या सीलचं पॅकिंग किट नाशिकमध्ये मिळतं का, की मुंबईहून मागवावं लागतं, तेही विचारा, कारण झिंकने सील लवकर खराब होतात. तुमच्या तिन्ही पेंटच्या डेटा शीट आणि कॉम्प्रेसरच्या प्लेटचा फोटो टाका, टिपचे नंबर आणि लागणारी हवा मी काढून देतो.