नऊ वर्षांच्या मुलीला पॉप कॉन्सर्टला न्यावं का? आधी तिकीट बघा, मग वय

ताई, तुमची मुलगी नऊ वर्षांची, पुण्याच्या कॉन्सर्टसाठी हट्ट धरून बसलीय. मुलगा तेरा वर्षांचा, त्याला तुमच्याशिवाय मित्रांबरोबर जायचंय. आणि दाजी म्हणतात, "गणपतीत डॉल्बीसमोर नाचते की ती, तिथं काय होणार आहे?" मी कोल्हापुरात साउंडचंच काम करतो, लग्नाच्या हॉलपासून मैदानावरच्या मोठ्या शोपर्यंत. स्वतःच्या मुलीलाही अशा कार्यक्रमांना नेलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाजींच्या बोलण्यापासूनच सुरू करतो, कारण आपल्याकडं हे घरोघरी ऐकू येतं. कानाला आवाजाची सवय होत नसते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. विसर्जन मिरवणूक बघून महाद्वार रोडवरून घरी आल्यावर कानाला दडे बसतात, सूं असा आवाज येत राहतो, तो कानानं दिलेला इशारा आहे. सकाळी मोकळं वाटतं म्हणून आपण विसरून जातो. "आता त्रास होत नाही" असं जे म्हणतात, त्यांच्यापैकी कित्येकांना मुळात ऐकूच कमी यायला लागलेलं असतं. माझ्या धंद्यातली अशी माणसं मी रोज बघतो.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, लहान मुलांसाठी ती पातळी ७५ आहे. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. याच संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी कमाल मर्यादा सांगितली ती १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल. म्हणजे शोवाल्यांनी नियम अगदी काटेकोर पाळला, तरी १०० डेसिबलला तुमच्या मुलीचा अख्ख्या आठवड्याचा कोटा सात-आठ मिनिटांत संपतो. शो चालतो दोन तास.

"लांब उभं राहू की मग," असं बरेच जण म्हणतात. मोठ्या शोला स्टेजच्या दोन्ही बाजूंना वरून खाली टांगलेली स्पीकरची रांग असते, तिला आम्ही लाईन अ‍ॅरे म्हणतो. ती बनवलेलीच असते मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवायला. बऱ्याच अंतरापर्यंत तुम्ही दुप्पट लांब गेलात तरी आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो. आणि पुढं जायचं तर नकोच. सब-वूफर, म्हणजे धडधडणारा खोल आवाज काढणारे मोठे स्पीकर, बहुतेक वेळा स्टेजपुढं जमिनीवर मांडलेले असतात, बॅरिकेडला टेकून उभ्या राहिलेल्या लहान मुलीचं डोकं नेमकं त्यांच्या उंचीला येतं.

म्हणून कानावर संरक्षण पाहिजेच. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग नाही. फोमचे इअरप्लग चांगले, पण ते बोटांत वळून बारीक करायचे, कान वर आणि मागं ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे. लहान कानात ते नीट बसत नाहीत, नाचताना निघून पडतात. तिच्या वयाला हेडफोनसारखे डोक्यावरून बसणारे इअरमफ घ्या. किती डेसिबल आवाज कमी होतो ते पाकिटावर छापलेलं असतं, २० च्या वरचं बघा. शोच्या आधी आठवडाभर घरी सवय करा: मिक्सर चालू असताना, टीव्ही बघताना अर्धा तास घालून बसू दे. इअरमफच्या कानावर बसणाऱ्या गोल गादीखाली केसांचा पिन किंवा चष्म्याची काडी आली की फट राहते आणि आवाज आत शिरतो, तेवढं बोटानं चाचपून बघा. घरी काढून फेकत असेल तर मैदानात ठेवणार नाही. मग यंदा राहू दे.

दुसरी गोष्ट गर्दी, आणि इथं मी जरा कडक आहे. उभ्याचं तिकीट असेल तर नऊ वर्षांच्या मुलीला नेऊ नका. दाटीत तिचं तोंड मोठ्यांच्या कमरेशी येतं, तिला हवा लागत नाही आणि मागचा माणूस ढकलताना खाली मूल आहे हे त्याला दिसतही नाही. खांद्यावर घेऊ म्हणाल, तर २०२१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिव्हलला गर्दीत चेंगरून १० जण गेले, त्यातलं सर्वांत लहान मूल नऊ वर्षांचं होतं. ते वडिलांच्या खांद्यावरच होतं. गर्दीच्या दाबानं वडिलांची शुद्ध हरपली आणि पोरगं खाली पडलं. हे वाचल्यापासून मी कुणालाच खांद्याचा सल्ला देत नाही.

बसायच्या जागेचं, स्टँडमधलं, वाटेच्या कडेचं तिकीट असेल, इअरमफ अंगवळणी पडले असतील, तर नऊ वर्षांची मुलगी खुशाल न्या. तिला आयुष्यभर आठवण राहील आणि राहावीच. फक्त एक ठरवून जा: ती "चल घरी" म्हणाली की त्या क्षणी उठायचं, तिकीट कितीही महाग असो. हे जमणार नसेल तर नेऊ नका. ज्याला "कान दुखतोय" हे सांगता येत नाही असं तान्हं किंवा दोन-तीन वर्षांचं लेकरू तर नकोच नको.

मुलाचं थोडक्यात. तेरा वर्षांच्या मुलांना एकटं सोडायच्या मी विरोधात आहे, पण मांडीला मांडी लावून बसायचीही गरज नाही. मित्रांना एका ब्लॉकमध्ये बसू दे, कुणातरी एकाचे आईवडील त्याच मैदानात दुसरीकडं असू देत. त्याला दोन गोष्टी पक्क्या शिकवा. गेटवर रेटारेटी सुरू झाली की बाजूला व्हायचं, पहिलं गाणं गेलं तर जाऊ दे. २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात पाऊस आला, सगळे एकदम आत घुसले आणि शो सुरू व्हायच्या आधीच प्रवेशाच्या पायऱ्यांवर ४ जणांचा जीव गेला. दुसरं, तिथं फोन लागेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा उजेडात बघून ठरवायची. धाकटीच्या मनगटावर तुमचा नंबर पेनानं लिहा.

खुल्या मैदानातला स्पीकर रात्री १० ला बंद होतो, पण गाडीपर्यंत पोचायला अकरा वाजतात. पुढं कोल्हापूर २३० किलोमीटर. त्या रात्री पुण्यातच राहा. दुसऱ्या दिवशीही कानात सूं राहिलं तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

तिकिटावर वयाची अट आणि ब्लॉकचं नाव असेल, ते इथं टाका. मैदानाचा नकाशा बघून स्पीकर कुठं येतील ते सांगतो.