वर्धा जिल्ह्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या पिना बनतात. आयात मालाशी टक्कर द्यायला आधी दुसरं सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) घ्यावं का?

नाही, आधी आहे त्याच मशीनचा सेटिंगचा वेळ (एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना जाणारा) आणि रिजेक्शन (नापास नग) कमी करा. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांची पद्धत वापरा: मशीन चालू असतानाच पुढच्या कामाचे सॉफ्ट जॉ (नग पकडणारे जबडे), इन्सर्ट (कापणारी पाती), प्रोग्रॅम आणि गेज (माप तपासायची साधनं) ट्रॉलीवर तयार ठेवायचे, मशीन थांबल्यावर फक्त अदलाबदल. मग ५० नगांची ऑर्डरही परवडते.

रिजेक्शनमध्ये आपल्या उन्हाळ्याकडे नक्की बघा. ५० मिमी व्यासाची स्टीलची पिन २० अंशांनी तापली की ११-१२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) फुगते, आणि एच६ या अचूकतेच्या प्रमाणित दर्जाची पूर्ण टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) १६ मायक्रॉन! मशीनवरून गरम उतरलेला नग मापात दिसतो, थंड झाल्यावर अंडरसाइज निघतो. म्हणून नग, मास्टर (तुलनेसाठीचा अचूक मापाचा नमुना) आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर सारख्या तापमानाला येऊ द्या, मग मोजा, ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) त्यानंतरच बदला.

मात्र एवढं करूनही एकाच ऑफसेटवरच्या सलग ३० नगांचा फरक टॉलरन्सच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर वाहन कंपन्या साधारणपणे मागतात तो १.३३ सीपीके (नग टॉलरन्समध्ये किती भरवशानं बसतात याचा आकडा) मिळणं कठीण. स्पिंडल बेअरिंग आणि स्लाइड तपासा. दुरुस्तीनंही फरक पडला नाही तरच नव्या मशीनचा विचार करा.