गुडघ्यातल्या पाण्यात जंतू नाहीत, मग दोष जंतूंचा कसा?

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी मला तापासह जुलाब झाले, चार दिवसांत थांबले. आता उजवा गुडघा सुजलाय, डावी टाच दुखते. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. रिपोर्टमध्ये 'जंतूंची वाढ नाही'. तरी डॉक्टर म्हणतात, हे त्या जुलाबांच्या जंतूंमुळेच. मग अँटिबायोटिक का देत नाहीत?

उत्तर : कारण जंतू गुडघ्यात नाहीत. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू आतड्यात येऊन जातात आणि एक ते चार आठवड्यांनी आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. हा रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस. पायांचेच एक-दोन सांधे, तेही दोन्ही बाजूंना सारखे नव्हेत, शिवाय टाच, हे चित्र त्याला अगदी जुळतं.

जंतू रक्तावाटे थेट सांध्यात शिरले, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तर प्रकरण वेगळं. तिथे पू होतो आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) काही दिवसांत झिजते. हा फरक पाण्यातच शोधावा लागतो. निरोगी सांध्याचं पाणी पारदर्शक, पिवळसर. सुईच्या टोकाशी त्याची तार निघते. घन मिलिमीटरला पांढऱ्या पेशी २०० च्या आत. पू झालेलं पाणी गढूळ, पेशी बहुधा ५०,००० च्या वर. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये आकडा मधला असतो, पण सीमा पुसट आहे. म्हणून कल्चर, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, लागतंच.

इथे एक मेख आहे. जुलाबांसाठी तुम्ही अँटिबायोटिक घेतलं होतं का? पाणी काढण्याआधी ते पोटात असेल तर जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं. डॉक्टरांना औषधाचं नाव आणि शेवटच्या गोळीची तारीख सांगा.

उपचार म्हणजे सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, जेवणानंतर (अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा), कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, आणि चालताना काठी. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ते जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच. बहुतेकांचा त्रास तीन ते सहा महिन्यांत शमतो; काहींचा वर्षभर रेंगाळतो. एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेल्या जनुकाची) चाचणीच्या मागे फार लागू नका, ती निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते.

लघवीला जळजळ असेल तर क्लॅमिडियाची (लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूची) तपासणी करा. तो सापडला तर अँटिबायोटिक लागतं, जोडीदारालाही. डोळा लाल होऊन दुखला तर नेत्रतज्ज्ञाकडे. आणि थंडी वाजून ताप आला, गुडघा जराही वाकवता येईना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. पाणी पुन्हा काढावं लागेल.